सोनबाई थांबते तिथं

“आता येईल तो,” सुकाणूवर उभी असलेली बकुळा म्हणाली, आणि इंजिन बंद पडलं.

आधी आवाज पातळ झाला, मग दोन-तीन ठोके चुकले, मग गप्प. इंजिनाशेजारी उकिडवा बसलेला दत्ताराम मिस्त्री तसाच बसून राहिला. सकाळचे साडेदहा वाजले होते, लख्ख ऊन होतं, मागे कफ परेडच्या इमारती बोटाएवढ्या का होईना पण दिसत होत्या. घाबरण्यासारखं काहीएक नव्हतं. तरी त्याच्या दंडावर काटा आला, आणि काटा आला म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. चाळीस वर्षं डिझेल इंजिनात हात घालणाऱ्या माणसानं असल्या गोष्टींना भ्यायचं म्हणजे अतीच झालं.

बकुळानं सुकाणू सोडलं. चपला काढून बाजूला ठेवल्या, कपाळावरचं कुंकू बोटानं चाचपून पाहिलं आणि ती मागच्या फळीवर समुद्राकडे तोंड करून बसली. दत्तारामकडे तिनं पाहिलंही नाही.

“आपल्या स्पृहाचा नंबर लागला नर्सिंगला,” ती पाण्याकडे बघत म्हणाली. आवाज अगदी रोजचा, फोनवर बोलावं तसा. “ठाण्याला हाय कॉलेज. हॉस्टेलला ऱ्हावं लागेल म्हणते. मी बोलली, जा.” मग ती थांबली. बराच वेळ थांबली. “हां. तेच मी पण बोलली तिला.”

दत्तारामनं मान खाली घातली आणि डिझेलच्या पाइपात बसवलेल्या पारदर्शक नळीकडे पाहिलं.

तिचा नवरा, रामदास नाखवा, तीन वर्षांपूर्वी नवरात्र संपल्यावर चौथ्या दिवशी इथंच गेला होता. इथंच म्हणजे कुलाब्याचं टोक ओलांडून, प्राँगचा दीपस्तंभ डाव्या हाताला मागे पडला की उघडा समुद्र सुरू होतो, तिथं. इंजिन अचानक बंद पडलं, बोट आडवी फिरली, रामदास इंजिनाकडे यायला वळला आणि एका लाटेनं त्याला उचललं. बरोबरच्या तीन खलाशांनी दोर टाकला, उड्या मारल्या, दिवसभर शोधलं. प्रेत मिळालं नाही. मच्छीमारनगरातल्या वडीलधाऱ्यांनी पुतळा करून क्रिया उरकायला सांगितलं, तर बकुळा म्हणाली, “कुठं गेलाय अजून तो? सोनबाई थांबते ना त्याच्यासाठी.”

कारण त्यानंतर सोनबाई, म्हणजे त्यांची बोट, थांबायला लागली होती. रोज नाही. चार फेऱ्यांत एखादी. पण थांबली की तिथंच. दहा-बारा मिनिटं कितीही खटपट करा, इंजिन दाद देत नसे. मग आपणहून मन वळल्यासारखं पहिल्या झटक्यात लागे. खलाशी आधी हसले, मग कुजबुजले, मग एकेक करून दुसऱ्यांच्या बोटींवर गेले. गेल्या आठवड्यात शेवटचा गेला. जाताना पाया पडून म्हणाला, मावशी, इंजिन नीट झालं की बोलवा, तोवर नाय. बोंबलाचा ऐन हंगाम, आणि सोनबाई किनाऱ्यावर. लाकडी बोट दोन महिने पाण्याबाहेर राहिली की फळ्या तडकतात, आणि तडकलेली बोट मग जळणाच्या भावानं जाते. हे सगळं बकुळाला ठाऊक होतं, म्हणून तिनं लालबागला निरोप धाडला होता.

निरोप दत्तारामलाच यायचा. ते दोन सिलिंडरचं इंजिन रामदासच्या बापानं घेतलं तेव्हापासून त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. दत्तारामचा बाप परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, होता. गिरणी गेली, मुलगा डिझेलमध्ये शिरला, आणि ससून डॉकपासून माहुलपर्यंत जुन्या इंजिनांचा मिस्त्री म्हणून त्याचं नाव झालं. त्याचा एक तोरा होता. बिघडलेलं इंजिन समोर आलं की तो पहिला प्रश्न विचारायचा, “ह्याला शेवटचा हात कोणी लावला?” आणि त्या हातापासून तपासायला सुरुवात करायचा. शंभरातल्या नव्वद वेळा दोष तिथंच सापडायचा. सोनबाईच्या बाबतीत मात्र हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता, कारण उत्तर त्याला माहीत होतं.

या तीन वर्षांत तो चारदा येऊन गेला होता. पहिल्यांदा दोन्ही फिल्टर बदलले. दुसऱ्यांदा फीड पंप उघडून आतला पडदा नवा घातला. तिसऱ्यांदा टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा पाइप बदलला आणि प्रत्येक जोडावर नवे तांब्याचे वॉशर बसवले, कारण जोडातून हवा ओढली गेली तरी इंजिन असंच दम तोडतं. चौथ्यांदा नोझल. दर वेळी किनाऱ्याजवळ नांगर टाकून दोन-दोन तास इंजिन चालवून पाहिलं, आणि दर वेळी ते शहाण्या मुलासारखं चाललं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्याला तेव्हा आठवायला हवी होती.

पाचव्यांदा मात्र त्यानं हट्ट धरला, की बिघाड होतो तिथंच मला घेऊन चला. लालबागच्या हार्डवेअरच्या दुकानातून गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी हातभर आणली आणि टाकीकडून येणाऱ्या पाइपाच्या मध्ये बसवली. हिशेब सोपा होता. नळीत बुडबुडे दिसले तर कुठूनतरी हवा शिरतेय. बुडबुडे नसले आणि डिझेलच यायचं थांबलं, तर पाठीमागे काहीतरी अडलंय.

आता तो नळीकडे पाहत होता. बुडबुडा एकही नव्हता. नळी रिकामी होती.

पाठीमागे म्हणजे फक्त टाकी.

त्यानं फीड पंपाचा हाताचा खटका दाबून पाहिला, वीसदा, पन्नासदा. काही येईना. बकुळा मधूनच हळू हसली. तिनं पदराच्या टोकाला बांधलेली सुपारी सोडली, अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी फळीवर आपल्या शेजारी ठेवली. दत्ताराम खटका दाबायचा थांबला. त्याला वाटलं, आपण दुसऱ्याच्या घरात दार न वाजवता शिरलोय.

“निघतो म्हणतोय,” बकुळा उठत म्हणाली. “चालू करा मिस्त्री.”

दत्तारामचा हात खटक्यावर नव्हता. कशालाच लागलेला नव्हता. त्याच्या डोळ्यांदेखत नळीत खालून पिवळसर डिझेल चढत आलं आणि काठोकाठ भरलं. त्यानं सेल्फ मारला, इंजिन लागलं. घड्याळात पाहिलं, बारा मिनिटं झाली होती.

परतताना धक्का दिसायला लागला तेव्हा दत्ताराम म्हणाला, “वैनी, उद्या टाकी उघडतो.”

“टाकी तुमीच साफ केलीवती ना? तो होता तेव्हा?”

“हो.”

“मग तीत काय असणार?” बकुळा म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, विश्वास होता. दत्तारामला टोमणा परवडला असता.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सोनबाई चिखलात एका अंगावर कलली होती. पलीकडे बकुळा बांबूंवर बोंबील अडकवत होती. दत्तारामनं टाकीतलं डिझेल दोन पिंपांत काढून घेतलं, झाकणाचे आठ बोल्ट सोडले आणि दंडापर्यंत हात आत घातला. टाकीच्या मधोमध एक आडवा पत्रा असतो, डिझेल फार हिंदकळू नये म्हणून. त्या पत्र्याच्या अलीकडे काही नव्हतं. पत्र्याखालून बोटं पलीकडे सरकवली, पाइपाचं तोंड होतं तिथपर्यंत, आणि काहीतरी मऊ हाताला लागलं.

बाहेर काढण्याआधीच त्याला कळलं होतं. बोटांना शिवण लागली होती.

दत्तारामची बायको लतिका हिंदमाताच्या एका दुकानासाठी घरी बसून साड्यांना फॉल-पिको करते. फॉलच्या कापडाचे तुकडे उरतात, ते ती वीतभर रुंदीचे कापते आणि चारही कडांना मशीन मारून देते, म्हणजे धागे सुटत नाहीत. इतर मिस्त्री कापसाचा बोळा वापरतात आणि त्याचे तंतू मग फिल्टरमध्ये सापडतात. दत्तारामला त्याची घृणा. त्याच्याकडे लतिकाच्या पट्ट्या. टाकी पुसायची तर तो सात पट्ट्या मोजून आत न्यायचा आणि सात मोजून बाहेर काढायचा. नवशिक्यांना सांगायचा, डॉक्टर पोट शिवायच्या आधी मोजतात तसं मोजा.

सोनबाईची टाकी पुसली त्या दिवशीही त्यानं मोजल्या होत्या. सात आत, सात बाहेर. रामदास वर बसून त्याला चहा ओतून देत होता आणि दोघंही कशावर तरी हसत होते. पत्र्यापलीकडचा कोपरा पुसायला अख्खी पट्टी जाईना, म्हणून त्यानं एक दातांनी फाडून दोन केली होती. मग ते विसरून गेला. सातांतली एक फाडली म्हणजे आठ झाल्या, हे पहिलीतल्या पोरालाही आलं असतं.

त्याच्या हातात अर्धी पट्टी होती. तीन कडा शिवलेल्या, चौथी फाडलेली.

मग बाकीचं आपोआप उलगडत गेलं आणि तो ते थांबवू शकला नाही. शांत पाण्यात पट्टी तळाशी पडून राहायची. टोक ओलांडलं, दक्षिणेकडची लांब लाट बोटीखाली आली, की डिझेल हिंदकळायचं, पट्टी उचलली जायची आणि कधीतरी पाइपाच्या तोंडावर जाऊन चिकटायची. इंजिन मरायचं, पंपाची ओढ संपायची, पट्टी गळून पडायची. म्हणून नेहमी तिथंच. बकुळाला ते आधी कळायचं, कारण सुकाणूवर उभ्या बाईच्या तळपायांना पहिली लाट सगळ्यांच्या आधी लागते. सगळं जमत होतं. ती बारा मिनिटं तेवढी जमत नव्हती. ओढ संपल्यावर पट्टी लगेच पडायला हवी. पण आता त्या बारा मिनिटांची कुणाला पडली होती? तीन वर्षांपूर्वी, टाकी साफ केल्यानंतरच्या पंधराव्या दिवशी इंजिन पहिल्यांदा का बंद पडलं, ते त्याच्या हातात होतं.

“मिस्त्री,” पलीकडून बकुळानं हाक मारली, “गावलं काय?”

“गाळ होता,” दत्ताराम म्हणाला. आणि पट्टी मुठीत दाबली.

घरी आल्यावर त्यानं मोरीत साबण लावून ती पट्टी धुतली. का धुतली ते त्याला सांगता आलं नसतं. लतिका मशीनवरून उठून दारात येऊन उभी राहिली.

“ह्या तर माझ्या हातचा,” ती म्हणाली. “हो गुलाबी दोरो. खंय होता?”

लालबागच्या त्या खोलीत दोघांमध्ये चाळीस वर्षांत फारसं काही लपलेलं नव्हतं. दत्तारामनं मोरीच्या कठड्यावर बसून सगळं सांगितलं.

“तिका सांगितल्यात?”

“गाळ होता म्हणालो.”

“देवा रे.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, लतिका. इंजिन आता बंद पडणार नाही. खलाशी येतील, बोट चालेल. सांगून रामदास परत येणारे काय? नुसता माझा चाळीस वर्षांचा धंदा जाईल.”

“धंद्याचा सोडा. तुमी म्हटल्यात ना, ती थंय जाऊन तेच्याशी बोलता. आता बोट थांबाची नाय. मग ती बोलतली कोणाशी?” लतिकानं पट्टी त्याच्या हातातून घेतली, पिळली आणि दोरीवर टाकली. “तुमी तिचो घोव दोनदा नेल्यात.”

दत्ताराम त्या संध्याकाळी जेवला नाही. त्याला भीती वाटत होती, आणि कशाची ते नीट कळत नव्हतं. बकुळाची वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त त्या जागेची वाटत होती. आतापर्यंत तिथं काही नाही असं तो ठामपणे म्हणू शकत होता. आता तिथं एक माणूस होता, ज्याच्याशी त्याचा हिशोब निघत होता.

दुसऱ्या दिवशी भरतीला दोघं पुन्हा निघाले. बोट काढून तर बघू, मग खलाशांना बोलावते, असं बकुळा म्हणाली होती. तिनं आज केसांत अबोलीची वेणी माळली होती. समुद्र परवासारखाच होता, ऊनही तसंच. दीपस्तंभ डाव्या हाताला आला. बोटीखाली पहिली लांब लाट सरकली, ती या वेळी दत्तारामलाही कळली.

“आता येईल तो,” बकुळा म्हणाली.

इंजिन चालत राहिलं.

तिनं मान कलती करून ऐकलं. दुसरी लाट आली, तिसरी आली. गवंड्याच्या नळीतून डिझेल सरळ, संथ वाहत होतं. दीपस्तंभ मागे पडला. बकुळानं एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती.

“आता येईल,” ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी ते सांगणं नव्हतं. मग कितीतरी वेळानं तिनं वळून दत्तारामकडे पाहिलं. इतका वेळ कुणी कुणाकडे बघत नाही.

“गाळ होता बोललात.”

दत्तारामनं वाटेत शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे गेले. “वैनी, गाळ नव्हता. टाकीत माझी...”

तिनं हात वर केला. तो थांबला. तिनं पूर्ण जोर लावून सुकाणू वळवलं, बोट फिरवली आणि आले त्या वाटेनं मागे आणली. दीपस्तंभ पुन्हा जवळ आला, आता उजव्या हाताला, तेव्हा म्हणाली, “बंद करा.”

“काय?”

“इंजिन बंद करा.”

त्यानं दांडा ओढला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या जागी सोनबाईचं इंजिन कुणीतरी आपल्या हातानं बंद केलं. आवाज गेल्यावर पाण्याचं फळ्यांवर चाटणं ऐकू यायला लागलं. बकुळानं दुसरी चप्पल काढली.

“मना नको सांगू,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याला एकेरी बोलली. “त्याला सांग.”

“वैनी, असं कसं...”

“माझ्यासाठी थांबायचा तो बारा मिन्टं. तुझ्यासाठी पण थांबंल. सांग.”

दत्ताराम उठला. त्यानं इंजिनाच्या तापलेल्या डोक्यावर हात टेकला, तो भाजला तरी काढला नाही. समोर पाणी होतं, हिरवट, जाड. नुसत्या पाण्याशी बोलणारा माणूस वेडा दिसतो, एवढं त्याला कळत होतं.

“रामदास,” तो म्हणाला. त्यानं पुन्हा हाक मारली. “रामदास, त्या दिवशी टाकीत मी पट्टी ठेवली. फाडलेली. मोजल्या मी, पण चुकीच्या मोजल्या. तू चहा देत होतास. तिच्यामुळं इंजिन बंद पडलं. नंतर मी चारदा आलो आणि चारही वेळा सगळं उघडलं, टाकी नाही उघडली, कारण ती मी पुसली होती. माझी चूक असेल असं मला वाटलंच नाही. तू माझ्यामुळं गेलास.” त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, माफीचं, पण ज्याला म्हणायचं त्याच्यापुढं तो शब्द फार लहान वाटला. “मला सांगायला उशीर झाला,” एवढंच तो शेवटी म्हणाला.

इंजिन बंद असलेली बोट लाटेला आडवी फिरते. हे त्यानं हजारदा पाहिलेलं होतं. सोनबाई फिरली नाही. वारा नसताना, लाट बगलेवर येत असताना ती जागच्या जागी नाक रोखून उभी राहिली, कुणीतरी पुढून धरून ठेवल्यासारखी. त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही. पाहायची छाती झाली नाही.

कितीतरी वेळानं बोट एकदाची हलली आणि हळूहळू आडवी झाली. बकुळानं चपला पायात घातल्या, सुकाणूवर हात ठेवला.

“ऐकलं त्यानं,” ती म्हणाली.

दत्तारामचे डोळे भरून आले. तो काहीतरी बोलायला तिच्याकडे वळला, पण तिची नजर किनाऱ्यावर होती.

“मी अजून ऐकलं नाय,” बकुळा म्हणाली. “चालू करा.”

त्यानं सेल्फ मारला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, आणि धक्क्यापर्यंत एकही ठोका चुकलं नाही.